आईच्या नावावरची वीज

६ नोव्हेंबर

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण फरशी बर्फासारखी गार आहे. उभ्यानेच घातला आहे, तो आडवा पडून घातला असं समजून घे.

एका घोर अन्यायाची तक्रार तुझ्यापुढे मांडायची आहे. आमच्या फ्रिजमधला दिवा काढून टाकण्यात आला आहे. दार उघडलं की जो एक कनवाळू उजेड पडायचा, ज्याच्या ओढीने मी आयुष्यात अनेकदा भूक नसताना उठलो आहे, तो आता नाही. तुझ्या वहिनीने तो बल्ब स्वहस्ते पिळून काढला, कागदात गुंडाळला आणि मोज्यांच्या खणात ठेवून दिला. मी म्हटलं, "अगं, दार लावलं की तो आपोआप विझतो." तर म्हणाली, "तुम्ही आत बसून बघितलंय का?" प्रत्यक्ष प्रमाण नाही म्हटल्यावर मी खटला हरलो. काल चहात दुधाऐवजी लिंबाचं सरबत पडलं. मी तो चहा प्यायलो, कारण दुसरा करायचा म्हणजे पुन्हा विजेची शेगडी लावा.

या छळामागचं कारण तुला माहीत असेलच, कारण तुझ्याकडेही हीच वीज कंपनी आहे. दर वाढले, सगळ्यांचेच वाढले. पण आमचं बिल नुसतं वाढलेलं नाही, त्याला बाळसं आलं आहे. उन्हाळा सरताना जुना मीटर काढून नवा बसवला. हा म्हणे स्वतःच कंपनीला हिशेब कळवतो, आकडे वाचायला माणूस यावा लागत नाही. त्याचं पहिलं बिल आलं तेव्हा मला वाटलं, छपाईत एक शून्य जास्त पडलंय. मी पडलो छापखान्यातला मुद्रितशोधक. तांबडी पेन्सिल घेऊन बसलो. बिलात शुद्धलेखनाच्या पुष्कळ चुका निघाल्या, त्या दुरुस्त करून एक प्रत कंपनीला साभार पाठवून दिली. शून्य मात्र बरोबर होतं.

आता खरी गोष्ट. हिची भट्टी धोक्यात आहे. मागच्या खोलीतली ती विजेची भट्टी, जिच्यात ही आठवड्यातून एकदा आपले कप आणि वाडगे भाजते. लेक सासरी गेल्यानंतर हिने स्वतःला कसं सावरलं ते तू पाहिलं आहेस. मातीत हात घालून सावरलं. परवा बिल बघता बघता माझ्या तोंडून निघून गेलं, की घरात सगळ्यात जास्त वीज खाते ती भट्टी. एक कलाशिक्षक कधीपासून ती भट्टी विकत मागतोय. "पुढचीही बिलं अशीच आली तर देऊन टाकू," एवढंच ही म्हणाली आणि हात धुवायला गेली. बराच वेळ धूत होती.

तू कशी निभावतेस? फोनवरच विचारणार होतो, पण हल्ली तू उचलत नाहीस, आणि उचललास तर "पत्र लिही" म्हणून ठेवून देतेस. एका अर्थी ठीकच आहे. फोनवर आपलं दुसऱ्या वाक्याला भांडण होतं. पत्रात निदान तू माझं बोलणं मध्येच तोडत नाहीस.

चाचपडत लिहिणारा,
पंडित


१५ नोव्हेंबर

प्रिय पंडित,

अनेक आशीर्वाद. उभ्याने घातलेला नमस्कार पोचला. तुझे गुडघे पाहता आडवा पडला असतास तर उठवायला वहिनीला माणसं बोलवावी लागली असती.

बल्बच्या बाबतीत मी वहिनीच्या बाजूने आहे. तू फ्रिज उघडून त्याच्यापुढे उभा राहतोस आणि काय हवं होतं ते आठवत बसतोस. आई म्हणायची, हा फ्रिज उघडत नाही, फ्रिजचं दर्शन घेतो.

आता थोड्या युक्त्या ऐक. सगळं घर गरम करू नका. एक खोली निवडा, तिथेच बसा, तिथेच जेवा, तिथेच झोपा. दाराखालच्या फटीत चादरीची गुंडाळी ठेवा. पाणी एकदाच उकळून थर्मासमध्ये भरायचं. भांड्याला चांगली उकळी आली की शेगडी बंद करून ते जाड रजईत गुंडाळून ठेवायचं, आतलं आपलं आपण शिजतं. आमच्या वॉर्डात हिवाळ्यात वीज गेली की आम्ही नर्सेस असंच करायचो, आणि पेशंटना वाटायचं काहीतरी नवीन उपचारपद्धती आहे.

माझं विचारशील तर मला बिलाची इतकी धास्ती होती की पाकीट टेबलावर तसंच पडू दिलं, त्याच्यावर चहाचा कप ठेवत होते. शेवटी उघडलं तर अंदाजाच्या मानाने बरंच कमी निघालं. कंपनीकडे मी एक अर्ज केला होता, तो लागू पडलेला दिसतो. कसला ते विचारू नकोस. म्हाताऱ्या माणसांसाठी असतं काहीबाही.

भट्टी विकायची नाही. माझं नाव सांग तिला.

तू इकडे यायचं म्हणत होतास, पण आत्ता नको. घराला रंग काढलाय, वासाने तुझं डोकं उठेल. आणि फोनचं म्हणशील तर मला हल्ली लिहिणंच बरं वाटतं. लिहिताना मध्ये थांबता येतं.

तुझी,
ताई


२८ नोव्हेंबर

तीर्थरूप ताई,

तुझ्या आज्ञेबरहुकूम आम्ही उभयता एका खोलीत वानप्रस्थाश्रम स्वीकारला आहे. जेवण रजईत शिजतं, आम्ही दुसऱ्या रजईत. परवा शेजारचे शिक्षक काही मागायला आले, तर रजईतून वाफ येताना बघून त्यांना वाटलं मलाच ताप चढलाय. थर्मासमधलं पाणी संध्याकाळी मरणोन्मुख असतं, पण गरम आहे असं आम्ही एकमेकांना सांगतो.

इतकं करून दुसरं बिल आलं, ते पहिल्यापेक्षा जास्त.

मी चक्रावून गेलो आहे. न्यायशास्त्राचा मोठा आधार कोणता, तर डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं समजावं. आमच्याकडे अग्नी विझवला, चुलीसकट हात गार पडले, आणि धूर मात्र वाढतोय. बाबांनी मला लहानपणी जे तर्काचे धडे दिले, त्यांत असा डोंगर नव्हता.

या नव्या मीटरचं कौतुक म्हणून बिलाच्या पाठीवर एक आलेख छापून येतो. कधी किती वीज वापरली त्याची रेघ. मला वाटलं होतं, सकाळ-संध्याकाळ ती उंच जाईल आणि आम्ही झोपलो की खाली येईल. तर ही बया झोपतच नाही. दिवसा तशीच, रात्री तशीच, एखाद्या हट्टी माणसासारखी सरळ चालली आहे. घरात असं काहीतरी आहे जे अखंड चालू आहे. मी भिंतींना कान लावून हिंडलो. फ्रिजचा प्लग काढून बघितला. माळ्यावर चढलो, उतरताना हिची मदत घ्यावी लागली. बाहेरून कुणी तार टाकून आपली वीज ओढतंय का, तेही पाहिलं. शिक्षकांकडे संशयाने बघून झालं, आता त्यांना तोंड दाखवायची लाज वाटते.

हिने भट्टी लावणं बंद केलं आहे. मी सांगितलं नाही, तिनेच केलं. कच्चे कप फळीवर रांगेने ठेवले आहेत. भाजले नाहीत तर त्यात चहा ओतल्यावर ते विरघळतील. मी म्हटलं, "एवढे तरी भाजून घे." म्हणाली, "आधी बिल खाली येऊ दे, मग कळेल दोषी कोण ते." म्हणजे स्वतःच्या भट्टीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून ही वाट बघते आहे.

तुझा रंग किती दिवस चालणार आहे? राजवाडा रंगवते आहेस का?

पंडित


९ डिसेंबर

प्रिय पंडित,

शेजारच्या शिक्षकांकडे जा आणि त्यांना जेवायला बोलाव. रजईतलं वाढ.

वहिनीने भट्टी बंद केली ते मला आवडलं नाही. तू तिला जबरदस्तीने लावायला लाव. कच्च्या कपांचं वाचून कसंसंच झालं.

तुला वाईट वाटेल म्हणून लिहिणार नव्हते, पण माझं या महिन्याचं बिल आणखी खाली आलं. इतकं खाली, की मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आता मी सगळं निर्धास्त चालू ठेवते. त्या कंपनीत कुणीतरी भला माणूस बसलाय. मी त्याला ओळखत नाही, पण उठता बसता त्याला आशीर्वाद देते.

तुझी ती रेघ मला काही कळली नाही. अखंड चालतं म्हणजे काहीतरी मोटार असणार. माझ्याकडेही घुरघुर असते सारखी. कानाला सवय होते, मग थांबली तरच जाग येते. फ्रिज जुना आहे.

तू एखाद्या वायरमनला बोलाव. तर्क पुरे. तुला बाबांनी तर्क शिकवला आणि मला फ्यूज बांधायला शिकवलं, यात नुकसान कुणाचं झालं ते बघ.

थंडी फार आहे. अक्षर वाकडं आलंय, पलंगावर बसून लिहिते आहे.

ताई


२३ डिसेंबर

तीर्थरूप ताई,

वायरमन आला. त्याने सगळे पॉइंट तपासले, मला एक शिडी धरायला लावली आणि शेवटी म्हणाला, "काका, तुमच्या घरात काही दोष नाही. तुमच्या घरात काही चालूच नाही." एवढं सांगण्याचे त्याने पैसे घेतले. मी त्याला बिल दाखवलं. त्याने ते उलटंसुलटं बघितलं, डोकं खाजवलं आणि विचारलं, "तळघर आहे का तुम्हाला?" आम्हाला तळघर नाही हे माहीत असूनही तो गेल्यावर मी एकदा जिन्याखाली बघून आलो.

बिल पुन्हा वाढलं आहे. भट्टी महिनाभर गार, आणि बिल वर. मी हिला म्हटलं, "बघ, भट्टी निर्दोष सुटली." मला वाटलं ही हसेल. ती म्हणाली, "निर्दोष असली म्हणून काय झालं? पैसे तर जातातच आहेत. भट्टीचे आले तर एक-दोन बिलं निघतील." कलाशिक्षक येऊन मापं घेऊन गेला. दारातून निघेल की नाही एवढीच त्याला चिंता. फेब्रुवारीत टेम्पो घेऊन येणार आहे.

तुझं बिल खाली जातं आणि माझं वर चढतं, हे वाचून हिने तुझ्या पायाचं तीर्थ मागवायला सांगितलं आहे. मला आनंद झाला, आणि थोडा मत्सरही. एकाच आईबापांची मुलं, एकच कंपनी, एकच थंडी. तू सगळं चालू ठेवतेस आणि सुटतेस. मी सगळं बंद ठेवतो आणि अडकतो. कर्मफलाचा सिद्धांत इतका उघडपणे उलटा झालेला मी पाहिला नव्हता.

आम्ही नाताळच्या सुट्टीत तुझ्याकडे येऊ का? रंगाचा वास आता गेला असेल. उत्तर लगेच धाड, म्हणजे तिकिटं काढतो.

पंडित


१० जानेवारी

तीर्थरूप ताई,

तुझं उत्तर आलं नाही. सुट्टी संपली, तिकिटं काढली नाहीत. फोन केला तर नुसता वाजतो. तुझ्या खालच्या मजल्यावरच्या बाईंचा नंबर माझ्याकडे होता, तो ज्या वहीत होता ती वही हिच्या मते मी रद्दीत घातली आणि माझ्या मते हिने.

रागावली आहेस का? मत्सराचं लिहिलं ती थट्टा होती. तीर्थाचंही.

आम्ही लेकीकडे निघालो आहोत. जावई प्रवासाला गेलाय आणि तिला आमची सोबत हवी आहे. जाताना मी मेन स्विच बंद करून जाणार. बघू आता, कुठलं भूत वीज पितं ते.

एक ओळ तरी लिही. शिवी दिलीस तरी चालेल.

पंडित


१७ जानेवारी

प्रिय पंडित,

रागावले नाही. टपालाचं काहीतरी झालं असेल. जरा सर्दीही होती. आता बरी आहे.

लेकीला आशीर्वाद.

भट्टी देऊ नका.

ताई


३ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मी दोनदा सुरू करून फाडलं. पहिल्यात फार विनोद झाले, दुसऱ्यात एकही आला नाही.

लेकीकडून परतलो. घर बंद, मेन स्विच बंद, फ्रिज उघडा टाकून पुसून ठेवलेला. आणि आलेलं बिल तसंच टम्म फुगलेलं. पाठ उलटून बघितली. आम्ही इथे नव्हतो त्या दिवसांतही रेघ जशीच्या तशी चालू. मी हिला म्हटलं, "आपण आहोत की नाही याच्याशी या विजेला काही देणंघेणं नाही." ही म्हणाली, "म्हणजे ती आपली नाही." इतकं साधं वाक्य, आणि मी तक्रार लिहायला कागद ओढला.

कंपनीकडे लेखी तक्रार करायची तर मीटरवर कोरलेला नंबर लिहावा लागतो. हिला स्टुलावर चढवलं. छापखान्यात आम्ही प्रुफं तपासतो तसंच केलं. तिथे आम्ही जोडीने बसतो, एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने छापील प्रतीवर बोट ठेवून ताडून बघायचं. ही मीटर वाचत होती, मी बिलावर बोट धरून होतो. तिसऱ्याच आकड्याला मी म्हटलं, "थांब, चुकलीस." ती म्हणाली, "मी नाही चुकले." पुन्हा वाचलं. पुन्हा चुकलं. त्या कागदातली एकूण एक वेलांटी मी इतक्या महिन्यांत तपासली होती. नंबर कधी बघितलाच नाही. आकडे हे माझं खातं नव्हे, अशी माझी समजूत.

दोघं कंपनीच्या कचेरीत गेलो. खिडकीमागच्या बाईंनी बिलावरचा नंबर मशीनमध्ये घातला आणि म्हणाल्या, "हा दुसऱ्या जागेवरचा मीटर आहे. पण ग्राहक तोच दिसतोय." मी विचारलं, "कोण ग्राहक?" त्यांनी आईचं पूर्ण नाव मोठ्याने वाचलं. ताई, मी "हो" म्हणालो. शाळेत हजेरीला म्हणतात तसा. मागे उभ्या असलेल्या लोकांनी माझ्याकडे बघितलं.

तर गोष्ट अशी आहे. तुझ्या घराची वीज आईच्या नावावर, माझ्याही घराची आईच्या नावावर. दोन्ही अर्ज तिनेच भरले होते, आणि ती गेल्यावर आपण नावं बदलली नाहीत. मी आळसाने, तू मायेने. नवे मीटर बसवले तेव्हा कुणीतरी एकाच नावाचे दोन नंबर एकमेकांच्या जागी टाकले. म्हणजे इतके महिने तुझी वीज मी भरतोय आणि माझी तू. तुझ्या काटकसरीचं मी जे गुणगान केलं, ती काटकसर आमची होती. आमची रजई, आमचा थर्मास, हिची गार भट्टी.

इथवर मला हसू येत होतं. कचेरीतून बाहेर पडता पडता हिने माझी बाही धरली आणि म्हणाली, "अहो, मग वन्संच्या घरात दिवसरात्र काय चालू असतं?"

घरी येऊन सगळी बिलं मांडली. ती न झोपणारी रेघ तुझी आहे. आणि डिसेंबर संपताना काही दिवस ती एकदम तळाला गेली आहे, घरात कुणी नसल्यासारखी. त्याच दिवसांत तुझं पत्र नव्हतं. मग ती पुन्हा वर आली, आणि तुझं ते चार ओळींचं पत्र आलं.

आता मी तर्क करणार नाही. घुरघुरतं ते काय आहे? रंग कुठला काढला होतास? तू त्या दिवसांत कुठे होतीस?

पंडित


१० फेब्रुवारी

प्रिय पंडित,

बस खाली. घाबरू नकोस.

यंत्र आहे. हवेतून प्राणवायू वेगळा काढून देतं. नळी नाकात लावायची. माझी फुप्फुसं आता पुरती फुगत नाहीत. उन्हाळ्यापासून आहे हे. रंग वगैरे काही काढला नव्हता. तू आला असतास तर नळी बघून घाबरला असतास, आणि मग मला तुझी समजूत घालावी लागली असती. तेवढा दम नाही. फोनवर म्हणूनच बोलत नव्हते. वाक्य पुरं होत नाही. आपलं भांडण होत होतं तेव्हा बरं होतं, तू बोलत सुटायचास.

यंत्र दवाखान्याने दिलं. वीज आपली. ते बंद ठेवून चालत नाही आणि खोली गार ठेवूनही चालत नाही. पहिल्यांदा मी दुपारी बंद करायचे. नुसतं बसून राहिलं की भागतं. मग कुणीतरी सांगितलं, अशा यंत्रासाठी बिलात सवलत मिळते. अर्ज केला. त्यानंतरचं बिल कमी आलं, पुढचं त्याहून कमी. मला वाटलं, मंजूर झाला. मग मी बंद करणं सोडून दिलं. सगळा हिवाळा अखंड चालू ठेवलं.

डिसेंबरात सर्दी छातीत उतरली. दवाखान्यात होते. डॉक्टर म्हणाले, यंत्र सारखं चालू होतं म्हणून निभावलं.

त्या कचेरीतल्या भल्या माणसाला मी रोज आशीर्वाद देत होते, तो तूच निघालास. आणि वहिनी. तिची भट्टी बंद पडली ती माझ्यापायी. हे मला फार लागलंय.

चूक दुरुस्त करून घे. माझे पैसे हळूहळू पाठवीन, नाही म्हणायचं नाही. आता उन्हं वाढतील. दुपारी पुन्हा बंद ठेवत जाईन, सकाळीही थोडं. मी जन्मभर हेच काम केलं आहे. किती चालतं ते मला कळतं.

तुझी पत्रं वाचून हसले की खोकला येतो. तरी लिहीत जा.

ताई


१६ फेब्रुवारी

तीर्थरूप ताई,

तुझं पत्र हिने मोठ्याने वाचलं आणि मी ऐकलं. मध्ये एकदा ती थांबली. मी तिला पाणी आणून दिलं.

आधी कामाचं. कचेरीत पुन्हा जाऊन आलो. नंबर आपापल्या जागी गेले आहेत. ते करणं भाग होतं, नाहीतर हिने भट्टी लावली असती आणि बिल तुझ्या दारात पडलं असतं. मात्र दोन्ही बिलं यापुढे माझ्या पत्त्यावर येतील. खिडकीमागच्या बाईंना मी विचारलं, यासाठी ग्राहकाची सही लागेल का? त्या म्हणाल्या, "ग्राहक एकच, बिलं कुठल्याही पत्त्यावर घ्या." आईने पुन्हा एकदा आपलं काम करून टाकलं. तू बिलाच्या पाकिटाची वाट बघू नकोस. तुझा तो सवलतीचा अर्ज त्यांच्या एका खणात नुसता पडून होता. तो बाहेर काढवला आहे. मंजूर झाला तर उत्तम, नाही झाला तर आम्ही आहोत. पैसे परत पाठवलेस तर मी ते पाकीट न उघडता उलट धाडीन, आणि टपालखर्चाला दोघंही भिकेला लागू.

कलाशिक्षक टेम्पो घेऊन आला होता. हिने त्याला दारातच सांगितलं, भट्टी देत नाही. तो म्हणाला, "पण बाई, तुम्ही तर ठरवलं होतं." ही म्हणाली, "ठरवलं तेव्हा मला माहीत नव्हतं, मी कशासाठी विकतेय." त्याला काही कळलं नाही. रिकामा टेम्पो घेऊन गेला बिचारा. दुसऱ्या दिवशी तिने फळीवरचे सगळे कप भाजायला लावले. मी विचारलं, "दोन बिलं भरायची आहेत, जमेल ना?" तर म्हणाली, "मी कप विकते, तुम्ही जास्तीची प्रुफं आणा, आणि वन्संना श्वास घेऊ दे. त्यांचं तेवढंच काम." मी एका बियाण्यांच्या कंपनीची जाडजूड सूची तपासायला घेतली आहे. त्यात आकडेच आकडे आहेत. तेही आता वाचतो.

शनिवारी आम्ही दोघं येतो. नळीला मी घाबरेन, ते खरं आहे, पण माझी समजूत घालायची जबाबदारी हिने घेतली आहे. तू बोलायचं नाहीस. मी बोलत सुटेन आणि तू मानेने नाही म्हणत राहा, म्हणजे भांडण केल्यासारखं होईल.

मला अजून सगळं नीट उमगलेलं नाही. इतके महिने मी जिला चूक म्हणून शिव्या घातल्या, ती दुरुस्त झाली असती तर तू हिवाळ्यात यंत्र बंद ठेवलं असतंस. मग मी कंपनीवर रागवायचं की तिचे आभार मानायचे? स्वतःच्या बहिणीचा श्वास भरत होतो आणि घरभर दिवे विझवत फिरत होतो, याला काय म्हणायचं? बाबा असते तर त्यांना विचारलं असतं. हिला विचारलं तर म्हणाली, "आधी जेवून घ्या."

ताई, थट्टा पुरे झाली. पैशांची काळजी नाही असं म्हणणार नाही. आहे, पण ती झोपू देते. तू लिहिलं आहेस, किती चालतं ते मला कळतं. त्या वाक्याने माझी झोप गेली आहे. तू आमचे पैसे वाचवायला ते यंत्र बंद करशील, एकदा दुपारी, मग सकाळी, मग जमतंय म्हणून आणखी थोडं. आणि मला ते इथे कळेल तेव्हा महिना उलटून गेलेला असेल. पहिल्या बिलापासून मी ते वाढलं म्हणून ओरडत होतो. आता ते कमी येईल, याची मला भीती वाटते.

पंडित